जमिनीशी पुन्हा ओळख

२०२३ सालचा भाद्रपद. गौरी-गणपती पोचवून घर नुकते ताळ्यावर येत होते, तोच गावाहून शेजारच्या वहिनींचा फोन आला. "भावोजी, काकूंना चार दिवस ताप आहे. औषध चालू आहे, पण अन्न जात नाही. तुम्ही एकदा येऊन जा."

रातराणीने निघालो आणि सकाळी गुहागरजवळच्या आमच्या गावी पोचलो. आई माजघरात जमिनीवर गोधडीत पडली होती. वय चौऱ्याऐंशी. खाटेवर निजणे तिला कधीच मानवले नाही. "खाटेवरनं पडायची भीती, जमिनीवरनं कुठे पडणार?" हे तिचे जन्माचे उत्तर. वहिनींनी पेज करून ठेवली होती. मी वाटी घेतली आणि आईच्या उशाशी उकिडवा बसायला गेलो.

अर्ध्या वाटेवर गाडी अडली. घोटे वाकेनात, टाचा उचलल्या गेल्या. त्या टेकवायला गेलो तो तोल मागे गेला आणि मी वाटीसकट भिंतीवर आदळलो. पेज गोधडीवर.

"लागलं नाही ना रे बाळ्या?" आईने क्षीण आवाजात विचारले आणि मग त्या तापातही तिला हसू फुटले. "माझ्याआधी तूच म्हातारा झालास की!"

मीही हसलो. पण पुढचे आठ दिवस हसण्यासारखे नव्हते. मांडी घालून बसावे तर गुडघे पार छातीच्या उंचीला येत आणि पाचव्या मिनिटाला पाठ बोलू लागे. उठताना कोणाचा तरी हात लागे. स्टूल आणले, तर तिथून आईचे तोंड फार खाली. वाकून दोन दिवस भरवले आणि तिसऱ्या दिवशी माझीच कंबर धरली. शेवटी वहिनी दोन वेळा येत, पदर खोचून आईजवळ सहज उकिडव्या बसत, तिला भरवत, तिचे तोंड पुसत, पाय चेपत. मुलगा म्हणून धावून गेलेला मी खुर्चीत बसून ते पाहत होतो. परसातल्या जुन्या पद्धतीच्या संडासात दाराची कडी एका हाताने घट्ट धरून मी जे प्रयोग केले, त्यांचे वर्णन दिवाळीच्या अंकात नको.

आई त्या दुखण्यातून उठली. मी मात्र डोंबिवलीला परतताना मनाशी एक गोष्ट ठरवून आलो: पुढच्या खेपेला आईच्या उशाशी मला बसता आले पाहिजे. ते जमवायला मला पाच महिने लागले. या पाच महिन्यांत जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो. माझ्यासारखे खुर्चीत बसून जमिनीला पारखे झालेले पुष्कळ असणार, अशी माझी खात्री आहे.

जमीन सुटली केव्हा?

उकिडवे बसायला कोणी कोणाला शिकवत नाही. वर्षा-दीड वर्षाचे पोर खाली पडलेला चेंडू उचलताना पाहा. टाचा जमिनीला, बूड टाचांशी, पाठ ताठ! तसेच ते पाच मिनिटे बसून राहते. ही विद्या आपण सगळेच घेऊन येतो आणि वापरली नाही म्हणून हरवून बसतो.

माझे लहानपण जमिनीवर गेले. जेवण पाटावर, अभ्यास चटईवर, आंघोळ न्हाणीतल्या दगडावर. आई चुलीपुढे, विळीपुढे, जात्यापुढे बसलेली. मुंबईला नोकरी लागली आणि दिवसाचे आठ तास खुर्ची मिळाली. लग्नानंतर स्वयंपाकाचा ओटा आला, मग जेवणाचे टेबल. १९९४ साली जागा बदलली, तिथे कमोड होता. एकेक सोय घरात येताना आनंदच झाला आणि तो खोटा नव्हता. पण प्रत्येक सोयीबरोबर दिवसातले एक बसणे-उठणे कमी झाले, हे कोणाच्या ध्यानात आले? २०११ च्या पावसाळ्यात ओल्या जिन्यावरून घसरलो आणि डावा घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. हाड सांधले, चालू लागलो आणि घोटा बरा झाला असे समजून विसरून गेलो. घोटा मात्र विसरला नव्हता.

शरीराचा हिशेब सावकाराच्या हिशेबासारखा असतो. सांध्याला जेवढे फिरवाल तेवढे फिरणे तो जपून ठेवतो. जे फिरणे वर्षानुवर्षे मागितलेच नाही, ते हळूहळू खात्यातून वजा होते. सांध्याभोवतीचे आवरण आवळते, स्नायू ताणाला नाखूश होतात, आणि मेंदूही त्या टोकाच्या अवस्थेला अनोळखी समजून आधीच 'थांब' म्हणतो.

याचा पुरावा हाडांवरही उमटतो. रॉबर्ट हॅवलॉक चार्ल्स नावाच्या शरीररचनातज्ज्ञाने पंजाबी लोकांच्या पायांच्या हाडांचा अभ्यास करून १८९३ साली एक लेख प्रसिद्ध केला. नडगीच्या हाडाचे खालचे टोक आणि घोट्यातले टॅलस नावाचे हाड यांच्या पुढच्या कडेवर गुळगुळीत खळग्यांसारख्या लहान खुणा असतात, आणि त्यांचा संबंध उकिडवे बसण्याशी आहे, असे त्याने दाखवले. घोटा पुरता वाकला की ही दोन हाडे पुढच्या बाजूने एकमेकांना टेकतात. तिथे ही खूण दिसते. पुढे १९५९ साली इंदरबीर सिंग यांनी भारतीयांच्या हाडांवरील याच खुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्खननात सापडलेल्या जुन्या सांगाड्यांवरून ती माणसे कशी बसत असतील, याचा अंदाज बांधायलाही अभ्यासकांना या खुणांचा उपयोग होतो.

आफ्रिकेत टांझानियामध्ये हाड्झा नावाचे लोक आहेत. शिकार करून, कंदमुळे आणि मध गोळा करून राहणारे. त्यांच्या दिवसाचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. गंमत अशी की तेही दिवसाकाठी नऊ-दहा तास विश्रांतीच घेतात. शहरी माणूस बसतो जवळजवळ तेवढाच वेळ! फरक असा की त्यांच्या विश्रांतीचा बराचसा काळ उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसण्यात जातो, आणि तसे बसताना पायांचे स्नायू थोडेथोडे काम करीतच असतात. खुर्ची हे कामही काढून घेते.

भिंतीपाशी परीक्षा

गावाहून परतल्यावर मी आपल्या मनानेच बैठका सुरू केल्या. तरुणपणी तालमीत चार दिवस गेलो होतो, त्या भांडवलावर. आठ दिवसांत मांड्या भरून आल्या, पण उकिडवे बसणे एक इंचही पुढे सरकले नाही. अखेर आमच्या गल्लीतल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी माझी हकिगत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "काका, तालमीतली बैठक बहुधा टाचा उचलून काढतात. तिने मांड्या कमावल्या जातात. तुमची अडचण टाच टेकवण्यात आहे. आधी कुलूप कुठे लागलंय ते पाहू, मग किल्ली."

त्यांनी तीन परीक्षा घेतल्या. तिन्ही घरी करता येण्यासारख्या आहेत, म्हणून तपशील देतो.

पहिली भिंतीची. अनवाणी भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. एक पाऊल पुढे घेऊन, त्याची टाच जमिनीला चिकटलेली ठेवून गुडघा वाकवायचा आणि भिंतीला टेकवायचा. टेकला की पाऊल थोडे मागे घ्यायचे आणि पुन्हा टेकवायचा. टाच उचलल्याशिवाय गुडघा टेकतो असे सर्वांत लांबचे ठिकाण सापडले, की अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर पट्टीने मोजायचे. दहा सेंटिमीटरच्या आसपास आले तर घोटा ठीक समजायचा. या परीक्षेत एक सेंटिमीटर म्हणजे घोट्याचे सुमारे साडेतीन अंश वाकणे. माझा उजवा पाय सहा सेंटिमीटर, आणि मोडून सांधलेला डावा पाय फक्त तीन!

दुसरी परीक्षा उताणे निजून. दोन्ही गुडघे हातांनी छातीकडे ओढायचे. म्हणजे उकिडवे बसणेच, पण पाठीवर निजून. इथे अंगाचा भार नाही आणि घोट्याचे कामही नाही. गुडघे विनातक्रार छातीशी आले तर खुब्याचे पुढे वाकणे आणि गुडघ्याचे मिटणे पुरेसे आहे. माझे गुडघे बऱ्यापैकी आले.

तिसरी परीक्षा निकालाची. टाचांखाली दोन इंच जाडीची फळी ठेवायची, दाराची चौकट धरायची आणि खाली बसायचे. फळीवर बसता आले आणि फळी काढताच अडले, तर अपराधी घोटा. फळी ठेवूनही अडले, तर खुबा, गुडघा किंवा ताकद यांची चौकशी करायची. मी फळीवर अगदी छान बसलो! बारा वर्षांत प्रथमच.

"खुब्याचीही थोडी चूक आहे हं, काका," बाई म्हणाल्या. "पण ती निराळी. मांडी घालताना खुबा बाहेरच्या बाजूला वळावा लागतो. तुमचा वळत नाही, म्हणून गुडघे वर राहतात आणि पाठ वाकते."

मग त्यांनी कागदावर रेघा मारून मला या बसण्यामागचे गणित सांगितले. माणूस खाली बसतो तेव्हा त्याच्या अंगाचा भार पावलांच्या वर राहिला पाहिजे. बूड मागे जाते, म्हणून गुडघे पुढे यावे लागतात. गुडघे पुढे यायचे तर नडगी पुढे झुकली पाहिजे, आणि नडगी झुकते ती घोट्यातून. टाचा टेकवून पुरते उकिडवे बसायला घोटा सुमारे पस्तीस ते चाळीस अंश वाकावा लागतो आणि गुडघा दीडशे अंशांच्या वर. घोटा अडला की नडगी उभी राहते, बूड मागे जाते आणि माणूस पेजेच्या वाटीसकट भिंतीवर. हातात पुढे वजन धरले तर तोल सावरतो. मग माझ्या लक्षात आले, की भरलेला तांब्या पुढे धरून मी घरी बरा बसत होतो, तो का!

घोटा अडतो दोन ठिकाणी. एक मागे: पोटरी. पोटरीत मुख्य दोन स्नायू. वरचा गॅस्ट्रॉक्नीमियस गुडघ्याच्याही वरून निघतो. गुडघा वाकला की तो सैल पडतो. खालचा सोलियस गुडघ्याच्या खालून निघतो आणि टाचेमागच्या जाड कंडरेत मिळतो. गुडघा वाकला तरी त्याचा ताण सुटत नाही. म्हणून उकिडवे बसताना जास्त आडवा येतो तो सोलियस. आपण जो नेहमीचा पोटरीचा ताण देतो, मागचा पाय ताठ ठेवून भिंत ढकलतो, तो प्रामुख्याने पहिल्याला मिळतो. दुसऱ्यासाठी गुडघा वाकवूनच ताण द्यावा लागतो. दुसरा अडथळा पुढे, खुद्द सांध्यात. टॅलस हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असते. पाऊल वर वाकताना त्याचा रुंद भाग दोन्ही बाजूंच्या घोट्यांच्या हाडांमध्ये पाचरीसारखा बसतो. प्लास्टरमध्ये राहिलेल्या माझ्या सांध्याला या पाचरीची सवयच सुटली होती.

टाचेखाली दिवाळी अंक

बाईंनी मला रोजचा पाऊण तासाचा नव्हे, वीस मिनिटांचा कार्यक्रम लिहून दिला. तो असा.

एक. भिंतीची परीक्षा हाच व्यायाम. टाच टेकवून गुडघा भिंतीकडे न्यायचा, दोन क्षण थांबायचे, परत आणायचा. प्रत्येक पायाला पंधरा वेळा, दोन फेऱ्या. गुडघा अंगठ्याकडे आत पडू द्यायचा नाही, मधल्या बोटांच्या रेषेत ठेवायचा. आत पडला तर पावलाची कमान बसते आणि घोटा वाकल्याचा भास तेवढा होतो.

दोन. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून, कठडा धरून, टाचा सावकाश पायरीखाली उतरवायच्या आणि पुन्हा वर न्यायच्या. दहा वेळा गुडघे ताठ ठेवून, दहा वेळा थोडे वाकवून. ताणही मिळतो आणि ताकदही. पूर्ण टप्प्यातून सावकाश केलेला ताकदीचा व्यायामही सांधा मोकळा करायला ताणाइतकाच उपयोगी पडतो, असे अलीकडच्या अभ्यासांवरून दिसते.

तीन. खुब्यासाठी रांगणे. हातांवर व गुडघ्यांवर येऊन बूड टाचांकडे न्यायचे आणि परत पुढे यायचे. मग खुर्चीत बसून एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा आणि पाठ सरळ ठेवून किंचित पुढे वाकायचे. शेवटी भिंतीला पाठ टेकून तळपायाला तळपाय जोडून बसायचे. योगाच्या वर्गात ज्याला बद्धकोणासन म्हणतात ते. बुडाखाली घडी घातलेली चादर घेतली की पाठ वाकत नाही.

चार. खरे उकिडवे बसणे. टाचांखाली उंची घेऊन, खिडकीचे गज धरून, तीस सेकंद. दिवसातून पाच-सहा वेळा. श्वास रोखायचा नाही. पावले खांद्यांइतकी दूर आणि थोडी बाहेर वळलेली.

टाचांखाली घ्यायला योग्य जाडीची फळी काही मिळेना. पाट फार उंच, पुस्तके फार प्रिय. शोधता शोधता माळ्यावर जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा सापडला. एकेक अंक सुमारे सेंटिमीटरभर जाड! पाच अंक घेतले, गुळगुळीत कव्हरे घसरू नयेत म्हणून सुतळीने करकचून बांधले आणि गठ्ठा भिंतीला टेकवून ठेवला. बाईंनी सांगितले होते, की तीस सेकंद निर्धास्त बसता येऊ लागले की उंची थोडी कमी करायची. म्हणजे एक अंक काढायचा. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, मराठी साहित्य पायदळी तुडवताय!" मी म्हटले, "त्याच्याच आधाराने उभा आहे."

या युक्तीत कमीपणा काही नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी आसनांसाठी ठोकळे, दोर, पट्टे आणि घड्या घातलेली कांबळी यांचा उपयोग रूढ केला. १९६६ साली निघालेल्या त्यांच्या 'लाइट ऑन योगा' या ग्रंथात मालासन आहे. ते उकिडवेपणाचेच पुढचे रूप. वजने उचलणारे खेळाडूही टाच उंच केलेले खास बूट घालतात. टेकू घेऊन योग्य रीतीने बसणे हे टेकू न घेता वेडेवाकडे बसण्यापेक्षा केव्हाही बरे.

घाईचा प्रसाद

पहिला अंक बारा दिवसांत निघाला. दुसरा त्यानंतर आठ दिवसांत. मला वाटले, आपण भलतेच हुशार! दिवाळी तोंडावर आली होती, तेवढ्यात जमवून टाकू म्हणून एके दिवशी गठ्ठा बाजूला सारला आणि पुरती दहा मिनिटे हट्टाने खाली बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उजवा गुडघा सुजलेला आणि डाव्या घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा काढल्यासारखी कळ.

बाई रागावल्या नाहीत. इतकेच म्हणाल्या, "काका, बारा वर्षांची उधारी तीन आठवड्यांत फेडणार होता का?" दहा दिवस सक्तीची विश्रांती. त्या दिवाळीत नरकचतुर्दशीची आंघोळ मी स्टुलावर बसून केली.

पण त्या फजितीतून एक उपयुक्त गोष्ट कळली. ताण पोटरीत, मागे जाणवत असेल तर तो कामाचा. पुढच्या बाजूला, सांध्यात चिमटा बसत असेल तर तिथे जोर करायचा नाही. मागे यायचे, पावले थोडी बाहेर वळवायची, उंची वाढवायची. खुब्यातही तसेच. जांघेत टोचल्यासारखे झाले तर पावलांतले अंतर वाढवून पाहायचे. प्रत्येकाच्या खुब्याची वाटी सारख्या खोलीची आणि सारख्या दिशेची नसते, मांडीच्या हाडाची मानही नसते. त्यामुळे एकाला पावले जवळ ठेवून बसता येते, तर दुसऱ्याला फाकवूनच. हाडांची ठेवण व्यायामाने बदलत नाही. तिच्याशी जुळवून घ्यावे लागते.

ज्यांनी सांभाळायचे

हा लेख वाचून कोणी आजी उद्याच कमोड काढून टाकायला निघाल्या तर पाप माझ्या माथी येईल. म्हणून हेही लिहितो.

आमच्या सौभाग्यवतींच्या गुडघ्यांची झीज झाली आहे. डॉक्टरांनी त्यांना पुरते खाली बसू नका, असे सांगितले आहे आणि ते योग्यच आहे. त्या खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठतात-बसतात. त्यांचा व्यायाम तोच. कमोड हे त्यांच्यासाठी चैनीचे साधन नाही, गरज आहे. ज्यांचा खुबा किंवा गुडघा बदललेला आहे, ज्यांच्या सांध्याला सूज आहे, त्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून यातले काही करू नये. खुबा बदललेल्या पुष्कळांना तर खोल वाकण्याची मनाईच असते, कारण त्यात सांधा निखळण्याचा धोका असतो.

उकिडवे बसणे चांगले म्हणून ते कितीही चांगले, असेही नाही. बीजिंगमधील साठीपुढच्या लोकांच्या गुडघ्यांचा एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तरुणपणी रोज तासन् तास उकिडवे बसण्यात घालवलेल्यांत गुडघ्यांची झीज जास्त आढळली. शेतात बसून दिवसभर स्ट्रॉबेरी वेचणाऱ्या मजुरांत गुडघ्याबाहेरची शीर दबून पाऊल लुळे पडल्याची उदाहरणे वैद्यकाच्या पुस्तकांत आहेत. पायाला मुंग्या आल्या की उठायचे, हा नियम म्हणूनच मोलाचा. आपल्याला दिवसभर बसायचे नाही. हवे तेव्हा बसता आणि उठता आले म्हणजे झाले.

त्या 'उठता येण्या'लाही फार महत्त्व आहे. ब्राझीलमधील क्लाउदिओ जिल आरौजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी चाचणी वापरली. जमिनीवर बसायचे आणि उठायचे. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात, गुडघा, कोपर काहीही टेकवले की एक गुण वजा, तोल गेला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांची ही चाचणी घेऊन त्यांच्यावर काही वर्षे लक्ष ठेवले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत कमी गुणांच्या लोकांत मृत्यूचे प्रमाण जास्त दिसले. याचा अर्थ उठबशा काढल्या की आयुष्य वाढते, असा घेऊ नये. ताकद, लवचिकपणा, तोल आणि वजन या चारही गोष्टींचा ताळेबंद त्या एका उठण्यात दिसतो, इतकाच घ्यावा. मला त्या ऑक्टोबरात दहापैकी साडेचार गुण मिळाले होते. आईने मात्र आजारातून उठल्यावर एक हात टेकून नऊ मिळवले असते, हे मी लिहून देतो!

माजघरात

दुसऱ्यांदा मी शहाण्यासारखा चाललो. डिसेंबरात तिसरा अंक निघाला, जानेवारीच्या अखेरीस चौथा. शेवटचा अंक काही केल्या निघेना. तेव्हा बाईंनी सुचवले, की व्यायाम म्हणून बसणे पुरे, आता कामासाठी बसा. मग मी सकाळचे वर्तमानपत्र जमिनीवर पसरून वाचू लागलो, भाजी निवडायला खाली बसू लागलो, बूट उकिडवा बसून बांधू लागलो. सौभाग्यवतींना भाजी निवडून मिळू लागली, हा जोडफायदा. पंधरा दिवसांत लक्षात आले, की शेवटचा अंक आपण घ्यायलाच विसरतो आहोत. भिंतीची पट्टी लावून पाहिली: उजवा दहा सेंटिमीटर, डावा आठ. डावा पुढे तिथेच राहिला. त्याच्यापुरता तो पूर्ण अंकांचा पास नाही, पण नापासही नाही.

मार्च २०२४ मध्ये शिमग्याला गावी गेलो. आई हिंडती-फिरती होती. माजघरात ती विळीवर कैऱ्या फोडत होती. मी काही न बोलता तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि फोडी परातीत भरू लागलो. तिने माझ्याकडे पाहिले, माझ्या टाचांकडे पाहिले. "जमलं होय रे?" म्हणाली आणि विळी माझ्याकडे सरकवली. "मग फोड आता उरलेल्या."

त्यानंतर सव्वा वर्षाने, जून २०२५ मध्ये, आई गेली. शेवटचे एकोणीस दिवस ती त्याच गोधडीवर होती. या खेपेला तिच्या उशाशी मी बसलो. पेज भरवली, पाय चेपले, रात्री ती पाणी मागे तेव्हा कंदिलाएवढ्या दिव्यात उठून तिच्या ओठांशी फुलपात्र धरले. वहिनी येत, पण त्या आता सोबतीला. एका रात्री तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. खुर्चीत असतो तर तिचा हात तिथवर पोचला नसता.

असो. वाचकहो, दिवाळी आली. नरकचतुर्दशीला घरोघर पाट मांडले जातील. त्या दिवशी पहाटे सगळ्या घराने मिळून भिंतीची परीक्षा घ्यावी, अशी माझी सूचना आहे. मुलांना पट्टी धरायला द्या. त्यांना फार मौज वाटेल, आणि त्यांचे आकडे पाहून तुम्हाला थोडी असूया. तुमचा आकडा कमी भरला तर निराश होऊ नका. गुडघे-घोटे निरोगी असतील तर रोज वीस मिनिटे आणि चार-पाच महिने, एवढीच किंमत आहे. दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि टाचेखाली घ्यायला काही मिळाले नाही, तर हा अंक आहेच. वाचून झाल्यावर सुतळीने नीट बांधून घेतलात, तर संपादक रागावणार नाहीत, असे मी त्यांच्या वतीने सांगून ठेवतो.